कपाटातली मारिया

फिलोमिनाबाईंना वडूजहून विहिणीचा सलाम,

तुमची लिनेट सुखरूप बाळंत झाली, हे फोनवर सांगितलंच. जे सांगितलं न्हाई ते हितं लिवते.

लग्नात तुमी लेकीला मारियामाउलीची मूर्ती दिली. आमच्या प्रोटेस्टंट घरात मूर्तीपुढं मेणबत्ती चालत न्हाई, असं तुमाला तोंडावर सुनावून मी ती कपाटात कोंबली. तवापासून तुमी आमच्या घरात पाऊल टाकलं न्हाई.

तीन दिसांमागं सून अडली. तिनं मूर्ती मागितली, म्हणून दुपट्यात गुंडाळून दवाखान्यात नेली, तर तिला तोवर आत घेतलेलं. बाकड्यावर मांडीवर मारिया घेऊन मी एकटीच. येशूकडं मागून मागून शब्द संपले. मग तिलाच म्हणाले, "बाई, तो गडी माणूस, त्याला कळा काय ठाव? तुमी तर गोठ्यात बाळंत झालाय. जरा सांगा की त्याला."

थोड्या वेळानं नात रडली. मीबी रडले. लय हलकं वाटलं.

आज मायलेकी घरी आल्या. पाळकसाहेब प्रार्थनेला येणार, म्हणून मूर्ती परत कपाटात ठेवायला गेले. हात धजला न्हाई. पाळण्याजवळ ठेवलीया.

हे पत्र टाकणार न्हाई, न्हाईतर तुमाला वाटंल तुमी जिंकला. फोनवर एवढंच सांगते, नात बघायला या, आन् येताना मेणबत्त्या आणा.

तुमची हट्टी विहीण,
सुगंधा