मागच्या दारची टिकली

अक्का, तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज कागद घेऊन तुझ्याशी बोलायला बसले, कारण आपल्या गल्लीत पुन्हा मोजणीवाले येणार आहेत. आठवतं ना, मागचा रस्ता रुंद करायचा म्हणून नगरपालिकेचा माणूस आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर लाल फुली मारून गेला होता? तू त्याला चहा पाजलास, घर किती लांब, किती रुंद, सगळं कौतुकानं सांगितलंस. आणि थोड्याच दिवसांत चुलीसकट निम्मं स्वयंपाकघर गेलं. उरलेल्या कोपऱ्यात तू भाकरी थापते आहेस, माझ्याकडे पाठ करून, आणि म्हणतेस, "हितनं पुढं कुणी मोजाया आलं तर पाणी द्यायचं. म्हायती द्यायची न्हाई." तुझं तेवढं एक मी आजवर पाळलं.

परवा शाळेत वॉर्डाची बैठक होती. नगररचना खात्याची एक तरुण मुलगी आली होती, फार गोड बोलणारी. कुणी गोड बोललं की माझे कान टवकारतात. तिनं आपल्या भागाचा मोठा नकाशा जमिनीवर अंथरला, कपाळाला लावायच्या लाल टिकल्यांची पाकिटं वाटली आणि म्हणाली, "जिथं पाणी तुंबतं, डास होतात, तिथं टिकली लावा. कुठली गटारं आधी झाकायची, ते तुम्हीच ठरवायचं." आम्हीच ठरवायचं म्हणे! आमच्या भिंतीवर फुली मारताना कुणी विचारलं होतं? मी शेजारणीच्या कानाशी लागले, "लावू नगंस गं. ह्यात कायतरी काळंबेरं हाय." ती म्हणाली, "व्हय बाई, मलाबी तसंच वाटतंय." बघता बघता सगळा नकाशा गोवर आल्यासारखा लाल झाला, आपली गल्ली तेवढी कोरी. मुलगी खूश होऊन म्हणाली, "वा, ही गल्ली तर एकदम स्वच्छ! इथं काम काढायला नको."

स्वच्छ कसली, अक्का! आपल्या मागच्या दाराशी गटार अजून उघडंच आहे. गेल्या पावसाळ्यात माझी नात डेंग्यूनं दवाखान्यात होती, सलाईननं तिचा एवढासा हात सुजला होता. पुन्हा तसं झालं तर? सगळे चहाकडे वळल्यावर मी गुपचूप टिकली लावली. पण आपल्या घरामागं नाही, त्याच गटारावर बोटभर सरकवून शेजारणीच्या घरामागं. चहा घेऊन परत येते तर बरोब्बर आपल्या स्वयंपाकघरावर एक टिकली! शेजारीण छताकडे बघत बशीतला चहा फुंकत होती. आधी संताप आला, मग हसू आवरेना. कुठल्या तोंडानं तिला बोलणार होते?

उद्या ती मुलगी टेप घेऊन दोन्ही घरांच्या मागे येणार आहे. तिच्यावर माझा अजून काडीचा विश्वास नाही, म्हणून नकाशाचा फोटो मोबाईलवर काढून ठेवलाय. पण तिला पाणी देईन, मागचं दारही उघडीन आणि गटार नेमकं कुठं तुंबतं तेही दाखवीन. हे तुला विचारत नाही, सांगतेय. हा कागद कुठल्या टपालपेटीत टाकणार, पिठाच्या डब्याखाली सारून ठेवते. एवढंच कबूल करते, दार उघडताना तू भाकरी थापायचीस त्या कोपऱ्याकडं बघायचं धाडस मला होणार नाही.