सांगलीचा सूर्य

डोंबास, नॉर्वे
बुधवार, १९ जून

प्रिय प्रीती,

जय जिनेंद्र आणि तुझ्या आईचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही खुशाल आहोत. आम्ही म्हणजे मी आणि तुझा दादा. परवा ऑस्लोला उतरलो, भरतेशनं गाडी भाड्यानं घेतली आणि तेव्हापासून आम्ही डोंगर चढतोय. ऑस्लोहून तुला फोन करून, वर तुझ्या गावाला येऊ का विचारलं, तर तू नुसतं "बघू" म्हणालीस. त्या "बघू"च्या पुढं काय बोलायचं ते मला सुचेना, म्हणून लिहायला बसले. आई खास आपल्यासाठी एवढ्या लांब आली, असं काही मनात आणू नकोस हं. भरतेशला डोंगर बघायचे होते, त्याच्या बायकोला सुटी मिळाली नाही, तिकीट वाया जायला नको म्हणून मी आले. तुझे अप्पा आले नाहीत. उसाला पाणी कोण देणार, म्हणाले.

रस्ता काय सांगू तुला! कुंभार्ली घाट एकावर एक रचत गेल्यासारखा. कड्यावरून पाणी कोसळतंय, जून महिन्यात शिखरांवर बर्फ आहे, आणि मेंढ्या खुशाल रस्त्याच्या मधोमध बसून रवंथ करतायत. हॉर्न वाजवला तर आमच्याकडंच रागानं बघतात. आपल्याकडच्या दुष्काळी माणातल्या मेंढ्यांना इथला चारा नुसता दाखवला तरी त्या परत जायच्या नाहीत. भरतेश उलट्या बाजूनं गाडी चालवतो आणि वळण आलं की मी णमोकार म्हणते. तो म्हणतो, "आई, मोठ्यानं म्हण, मलाबी आधार वाटतोय."

माझ्या जेवणाची मात्र त्यानं चेष्टा मांडलीय. मी दिवस मावळल्यावर जेवत नाही, पाणीसुद्धा घेत नाही, हे तुला ठाऊकच आहे. पण इथं दिवस मावळायचं नावच घेत नाही, झोपायची वेळ झाली तरी खिडकीत ऊन. मग मी सांगलीचा सूर्य धरला. आपल्याकडं मावळतो तेव्हा इथं दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. त्याच्या आधी रोज अप्पांचा फोन येतो. तिकडं सध्या पावसानं आभाळ भरलेलं असतं, सूर्य काही दिसत नाही, पण पंचांग बघून सांगतात, "आवर आता, थोडाच येळ ऱ्हायलाय." मग भरतेश कडेला गाडी थांबवतो आणि मी भर उन्हात रात्रीचं जेवण उरकते. "आई, वर बघ की, सूर्य डोक्यावर हाय!" तो हसतो. हसू दे. अप्पांचा फोन आला की मला आपल्या अंगणात बसून जेवल्यासारखं वाटतं.

तुझी एसटी चुकली होती, तो दिवस आठवतो? तू नुकतीच कॉलेजला जायला लागली होतीस. दिवस कलला, ताटं वाढली, तुझा पत्ता नाही. मी म्हटलं, "आवं, तुमी तरी बसा." अप्पा म्हणाले, "पोरगी रस्त्यावर हाय आन मी घास घेऊ व्हय?" तू आलीस तेव्हा अंधार पडला होता. तिघंही तशीच उपाशी झोपलो. त्यानंतर तू रोज फाट्यापासून धावत यायचीस, दप्तर पाठीवर आपटत. आणि अप्पा गोठ्यात उगाच काहीतरी करत उभे राहायचे, रस्त्याकडं बघत नसल्यासारखे.

हल्ली ते चांगलं ऊन असतानाच जेवून घेतात. वाट बघायची कुणाची?

इथल्या इवारशी तू लग्न केलंस तेव्हा ते म्हणाले, ज्या घरात मासा शिजतो त्या घरचं पाणी मी पिणार नाही. तूही त्यांचीच लेक. तू म्हणालीस, मग मीही तुमच्या घरचं पिणार नाही. चार वर्षं झाली. मधल्यामध्ये मीच तहानलेली.

आज अप्पांनी नेहमीसारखं "आवर" म्हटलं, पण फोन ठेवला नाही. उसाचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं. मग म्हणाले, "तिकडं लय वर गेल्यावर दिवस मावळतच न्हाई म्हणं. खरं हाय?"

तुझं नाव त्यांनी चार वर्षांत घेतलेलं नाही, आजही घेतलं नाही. मी म्हटलं, "व्हय. तिच्या गावात सध्या मावळत न्हाई."

त्यांनी पंचांग मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मग तिथं सांगलीचा सूर्य धरू नको. तिच्या गावचा धर." आणि फोन ठेवला.

मी तिथंच रस्त्याकडेला बसून रडले. भरतेशची चेष्टाही थांबली. प्रीती, तुला हेच सांगायचं होतं. पान उगाच मेंढ्यांवर घालवलं. मी तुझ्यासाठीच आलेय गं. डोंगर काय, मला आपली दंडोबाची टेकडी पुरे.

पुढच्या बुधवारी आम्ही तुझ्या गावाबाहेर, पाण्याकाठच्या एका लाकडी खोलीत उतरू. पत्ता भरतेश खाली लिहील. तुझ्या घरी माझं जेवण होणार नाही, ते मी लपवत नाही. पण तू बोलावलंस तर तुझ्या घरात येऊन बसायला आणि तुझ्या डोक्याला तेल लावायला मला कुणाला विचारायचं नाही. स्वयंपाक खोलीवर करीन. भाकरी, मुगाची आमटी, आणि तुला आवडते ती शेंगांची चटणी घरूनच आणलीय, बिनलसणाची. इवारलाही आण. त्याला भाकरी एका हातानं मोडता येते का? नसेल तर शिकवीन.

कामावरून सुटायला उशीर होईल, म्हणशील. होऊ दे. या वेळी धावत येऊ नकोस, सावकाश ये. ताट वाढलेलं असेल, आणि तू आल्याशिवाय मी घास घेणार नाही. तुझ्या गावात दिवसच मावळत नाही, तर तुला उशीर होईलच कसा?

तुझ्या गावच्या उन्हात दारात उभी असेन,
तुझी आई