कृषी मागितली, मासे मिळाले

शुक्रवार, संध्याकाळ. प्रकाशा.

आज दुपारी सायबर कॅफेत प्रवेशाची यादी उघडली आणि माझं आयुष्य फिरलं. मागितली होती बी.एस्सी. कृषी, मिळालं मत्स्यविज्ञान. चार वर्षं मासे! आमच्या घरात आजवर अंडंसुद्धा आलेलं नाही.

कॅफेवाल्यावर ओरडलो. त्याने शांतपणे माझाच फॉर्म दाखवला. हेतल नागपूरला शिकते, म्हणून मी नागपूरचे दिसतील तेवढे कोर्स भरून टाकले होते. वाचतो कोण?

आई म्हणाली, "मासा शिकशी? मंग मन्हा चुलापाशी येवानं नई." पप्पा झोक्यावरून म्हणाले, "इंजिनीअरिंग सोडी दिधं, आते मासा! तुले पोर कोन देई?" पोर मी बघून ठेवलीय, हे अगदी ओठांवर आलं होतं.

हेतलला फोन केला. हसली. खूप हसली. यात एवढं हसण्यासारखं काय आहे? मी चिडून म्हटलं, "मग सोडतो ही सीट."

तिचं हसणं थांबलं. "सोड ना. तेवढंच येतं तुला. इंजिनीअरिंग दीड वर्षात सोडलंस, जिम आठवड्यात. उद्या मलाही सोडशील."

रागाने अंगणात फेऱ्या मारल्या. हसत होती तेच बरं होतं. थांबली तेव्हा भीती वाटली, खरंच.

सीट पक्की करायची मुदत आजचीच आणि कॅफे आठला बंद होतं. पप्पा विचारतायत, "कोठे चालना?"

"मासा शिकाले!" असं ओरडूनच निघतो. दार मात्र आपटणार.