मापन व संशोधन

फ्रीगंज, उज्जैन
११ सप्टेंबर १९९५

सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

गणपती गेले. बापूंचा खोकला बरा आहे. उत्तर घरी नको, नानाखेड्याला मीनाच्या पत्त्यावर पाठव. बापू माझी पत्रं आधी फोडतात आणि मग मलाच वाचून दाखवतात.

विद्यापीठाच्या केंद्रात मी सोलर सेलची कार्यक्षमता मोजते. माझ्या रजिस्टरात ती साडेसात टक्क्यांवर कधी गेली नाही. विभागप्रमुखांनी दिल्लीच्या कंपनीला पाठवलेल्या हिंदी तक्त्यात अकरा आहे. कंपनीने नमुना स्वतः मोजला, सात आली. आता करार मोडायची भाषा आहे, आणि आकडे कुणी बदलले यावर समिती बसली आहे.

तक्त्याखाली माझं नाव आहे. रजिस्टराच्या पहिल्या पानावर मी ‘मापन व संशोधन : कु. मृण्मयी’ असं लिहिलं होतं, टायपिस्टने ते तसंच उतरवलं. अक्का, हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, फेरफार. जन्म इथे काढून हे मला कळू नये? पण तिसरीपर्यंत बापूंनीच घरी मराठीत शिकवलं. त्यांचा शब्द हातातून आपोआप उतरला. समिती म्हणते, मोजणारी हीच आणि बदलणारीही हीच.

बावीस तारखेला बोलावलंय. फेलोशिप जाईल, पीएच.डी. जाईल. काय बोलू ते कळव. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
मृण्मयी


जळगाव
१६ सप्टेंबर

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

शेजारच्यांचा पेरू खाल्लास आणि स्वतःच जाऊन सांगून आलीस, मार मात्र मला पडला. तो स्वभाव तिथे नेऊ नकोस. मराठी शब्दकोश ने, अर्थ दाखव. संशोधन केलं का, असं विचारलं तर एकच शब्द: नहीं. तारखा, तापमान, कारणं सांगत बसायचं नाही. मी तुला ओळखते.

बापूंना सांग. बाहेरून कळलं तर खचतील. जेवत जा. निकाल लगेच कळव, तोवर मला चैन नाही.

तुझी,
अक्का


उज्जैन
२९ सप्टेंबर

सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

शब्दकोश नेला होता. अध्यक्षांनी तो अदबीने मिटला. म्हणाले, अर्थ सुंदर आहे, पण तक्ता हिंदीत आहे. मग विचारलं, “आपने इन आँकड़ों में कभी संशोधन किया है?”

तुझा शब्द जिभेवर होता. पण चौदा मार्चला थर्मामीटर चुकीचा होता, म्हणून मी ७.१ चे ७.४ केले होते, शेजारी कारण लिहून, सही करून. मी म्हटलं, “जी, एक बार.” पुढचं सगळं सांगितलं, पण लिहून घेणाऱ्याने ‘जी’ एवढंच लिहिलं. विभागप्रमुख खिडकीबाहेर बघत होते.

सोमवारी नाव कमी केल्याचं पत्र मिळालं. कंपनीला माझ्या नावाने माफीनामा गेला. करार टिकला.

बापूंना सांगणं झालं नाही. त्यांनी कारण विचारलं असतं, आणि मला तो शब्द उच्चारावा लागला असता. रोज डबा घेऊन निघते आणि देवास गेटजवळच्या वाचनालयात पाचपर्यंत बसते. घरी आल्यावर बापू चष्मा पुसत विचारतात, आज किती आली. पहिल्या दिवशी सात सांगितली. काल साडेसात सांगितली तेव्हा त्यांनी शेजारच्या काकांना हाक मारून ऐकवलं. आज आठ सांगितली.

रागव, पण पत्र लिहीत राहा.

तुझी,
मृण्मयी