भिंतीपलीकडची कोरी जागा

४ मार्च

वसाहतीत आणखी एक शहाणी उगवली! विद्यापीठातली संशोधक. विषय काय, तर शहरातल्या जागा आणि अन्याय. भूगोलातले डोंगर-नद्या संपले वाटतं. म्हणाली, "भिंतीतलं फाटक बंद झाल्यापासून खालच्या वस्तीतल्या बायकांना दवाखान्यात पोचायला बारा मिनिटांऐवजी पाऊण तास लागतो." मग? वसाहतीच्या सभेत तो ठराव माझाच. सायकली चोरीला जात होत्या. दार लावून घेतलं.

६ मार्च

पुन्हा आली. चिवट कार्टी! "मावशी, तुमचा परिसर आठवणीतून काढून द्या ना." मावशी म्हणू नकोस, म्हटलं. पण कागद घेतला — भूगोलाची पदवी मला कुणी फुकट दिली नाही. उत्तर दिशा, प्रमाण, सूची, सगळं चोख.

तिनं नकाशावरून बोट भिंतीपर्यंत नेलं. "भिंतीपलीकडे, खाली काहीच नाही काढलंत?"

"तिथं काढण्यासारखं काही नाही."

तरी एक कोरा कागद ठेवून गेलीच. दहा तारखेला न्यायला येणार म्हणे. अकराला नगरपालिकेत फाटकाची सुनावणी, तिथं ही सगळ्यांचे नकाशे मांडणार.

७ मार्च

हे म्हणतात, "उघडू दे की फाटक. तुझं काय जातंय?" ह्यांना बोलायला काय जातंय!

८ मार्च

स्वयंपाकाची बाई आज पाऊण तास उशिरा. धापा टाकत. सासूला ताप, रिक्षा वस्तीत उतरत नाही, नेहमीचं रडगाणं. मी तडकले. "मोठ्या रस्त्यानं वळसा कशाला घालतेस? नळामागून गिरणीकडे चढ, दहा मिनिटं वाचतील!"

तिचा हात थांबला. "ती वाट कधीच बुजली, बाई. नळ तर माझ्या लग्नाआधीच काढला. सासूबाई सांगतात तेवढंच. तुम्ही कधी पाहिलात?"

"भाजी करपतेय. तिकडे बघ!"



९ मार्च

आज स्वयंपाकाची बाई आलीच नाही. सासूला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेली, असं शेजारीण म्हणाली. हसत म्हणाली.

१० मार्च

हे बाहेर गेल्यावर तो कोरा कागद घेतला. नळ. गिरणी. अठ्ठावीस पायऱ्या, सातवी फुटकी. तिसऱ्या गल्लीत आमची खोली. पेन्सिल एकदाही अडली नाही. चाळीस वर्षांत ह्यांनाही सांगितलं नव्हतं.

ती पोरगी पाचला नकाशा न्यायला येईल. खाली नाव लिहिलं — माहेरचं.