मांडीचा हट्ट

महाड,
२८ ऑगस्ट २०२५

आदरणीय आम्रपालीवन्सं यांना,
सविनय जयभीम.

आम्ही खुशाल आहोत. पाठकोऱ्या पानावर लिहितेय म्हणून रागावू नका, कोरा कागद मोडायला माझा हात धजत नाही.

आधी आनंदाची बातमी. तुमचे भाऊ आता खुर्चीत ताठ बसून जेवतात. दोन वर्षांपूर्वी कौलं बदलताना पडून मणक्याला मार बसला, त्यानंतर हे पहिल्यांदाच. खुब्याभोवती मांसात वाढलेलं हाड मुंबईच्या डॉक्टरांनी जूनमध्ये काढलं. ते हाड पुरतं पक्कं होईपर्यंत वर्षभर थांबवलं होतं. पुन्हा वाढू नये म्हणून गोळ्या दिल्या, एकदा किरणं दिली. पाय चालणार नाहीत, ते आधीच सांगितलंय. पण ठणका गेला, कंबर वाकते. हे म्हणतात, "ताईला लिही, भाऊ साहेबासारखा टेबलावर जेवतो. भाजीत तेल मात्र पूर्वीसारखंच थेंबभर."

आता जे टाळत होते ते.

गेल्या वर्षी विहारात सगळ्यांसमोर मी म्हटलं, "वन्संनी हाडवैद्य आणला आणि माझ्या माणसाचा खुबा दगड झाला." तुम्ही उठून गेलात, त्या आजवर आला नाहीत.

त्या हाडवैद्याला, चांगूला, तुम्ही एकदाच आणलंत. खुबा सुजून गरम झाला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, जोरानं ओढायचं नाही. त्यानंतर तीनदा मीच त्याला बोलावलं. वर्षावासात, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, हे विहारात मांडी घालून ग्रंथ वाचायचे, मला तसेच बसलेले हवे होते. हे ओरडायचे. चांगू म्हणायचा, "दुखतंय म्हंजे पाय जागा होतोय, वैनी. दाबा गुडघा." मी दाबला.

डॉक्टर म्हणतात, मणक्याच्या दुखापतीनंतर असं हाड आपणहूनही वाढतं, ओढण्यानं किती वाढलं ते सांगता येत नाही. ह्यांना सगळं ठाऊक आहे, कधी बोलून दाखवत नाहीत. मी रोज पंचशील म्हणते आणि चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, जीभ अडखळते.

सात सप्टेंबरला पौर्णिमा. हे विहारात खुर्चीतूनच ग्रंथ वाचणार आहेत. त्याआधी मी उभी राहून सगळ्यांना खरं सांगणार आहे, तुम्ही आलात तरी, न आलात तरी. पण या. पोलादपूरहून सकाळची एसटी धरा. पुढच्या रांगेत बसा, म्हणजे मला दुसरीकडे बघता येणार नाही.

तुमच्यावर आळ घेतलेली
तुमची भावजय,
दीप्ती