मास्तरांच्या वाक्यातला माझा हिस्सा

मी, खाली सही करणारा, वय शहात्तर, धंदा सोफे, खुर्च्या व गाद्या दुरुस्तीचा, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कुणी दटावलं नसताना, चष्मा लावून आणि डोकं ठिकाणावर ठेवून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो बघून आमची मंडळी म्हणाली, "असा एखादा कागद लग्नाच्या वेळी मागायला हवा होता." हृदयाबद्दल मात्र डॉक्टरांनी चांगलं काही लिहिलेलं नाही. फार तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते रेटेल असं त्यांचं मत पडलं, म्हणून ही घाई.

वकीलबाई म्हणाल्या, "काका, सुरुवातीला मी कोण ते नीट लिहा, मग माझं काय काय आहे ते." मी म्हटलं, बाई, याच दोन गोष्टींपायी माझं अर्धं आयुष्य गेलं. मी कोण ते कळलं नाही आणि माझं माझं सुटलं नाही. त्या म्हणाल्या, "मग नुसतं नाव, वय आणि धंदा घाला. कोर्टाला तेवढं पुरतं."

कलम एक. वरच्या मजल्यावरच्या दोन्ही खोल्या, त्यातली भांडीकुंडी, पलंग, कपाट आणि बँकेत जे काही असेल ते सगळं माझ्या पत्नीचं. बँकेत फार नाही. का नाही, ते पुढे येईल. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे घरात भांडायला कोणी नव्हतं; ती उणीव मी आणि माझा धाकटा भाऊ, आम्ही दोघांनी भरून काढली. दुकानातल्या माझ्या ध्यानाच्या बैठकीचं पत्नीने काय वाटेल ते करावं. ती मी स्वतः शिवली आहे. खाली काथ्या, वर कापूस, कडेला दुहेरी शिवण. जन्मभर लोकांच्या बसण्याची सोय केली, मग स्वतःसाठी हात आखडता कशाला घ्यायचा? परिणाम असा झाला की सकाळी तिच्यावर बसलो की डोळा लागायचा. ही विचारायची, "समाधी लागली की मान पडते का हो?"

कलम दोन. तळमजल्यावरच्या दुकानाचा माझा अर्धा भाग आणि माझी सगळी हत्यारं, म्हणजे कात्र्या, पट्टा ताणायचा लाकडी दांडा, वाकड्या सुयांचा डबा आणि लोहचुंबकाच्या तोंडाचा हातोडा, हे धाकट्या भावाला. हातोडा मुळात त्याचाच आहे. वाटणीच्या वेळी मी तो माझ्या बाजूला ओढला आणि वर त्याला ऐकवलं, "ज्ञानी माणसाला हातोडा तुझा काय आणि माझा काय?" तो म्हणाला, "मग दे की." मी दिला नाही.

कलम तीन. याला वकीलबाई कलम म्हणायला तयार नाहीत. यात कुणाला काहीच द्यायचं नाही, नुसती हकीकत आहे. पण ती सांगितली नाही तर कलम पाच कुणाच्या डोक्यात शिरायचं नाही.

गणिताचे एक निवृत्त मास्तर आपली आरामखुर्ची घेऊन दुकानात आले. आम्ही दोघे तिचं कापड उसवत होतो, ते बघत उभे राहिले आणि म्हणाले, "माणसावरही अशीच आवरणं असतात. शरीर, श्वास, मन, बुद्धी आणि सगळ्यात आत सुखाचं एक. हे मी नव्हे, हेही मी नव्हे, असं म्हणत एकेक उतरवायचं. सगळं उतरवल्यावर जो उरतो, तो तू. आणि तो तुझ्यात वेगळा, याच्यात वेगळा असा नाही. एकच आहे." आम्हाला वाटलं, उसवणं तर आपल्या हातचं काम. संध्याकाळी दुकान बंद करून आम्ही त्यांच्या वर्गाला जाऊ लागलो.

मास्तरांनी तीन पायऱ्या सांगितल्या होत्या. आधी नीट ऐकायचं, मग त्यावर शंका उरणार नाही असा विचार करायचा, मग ते अंगात मुरेपर्यंत त्यातच राहायचं. ऐकण्यात मी पटाईत होतो. शंका काढण्यात धाकटा. तिसऱ्या पायरीवर आम्ही दोघेही गिऱ्हाइकांचा विचार करायचो. कुठलाही जुना सोफा उसवा, आत केसांच्या पिना, पेनांची टोपणं, शेंगांची टरफलं आणि कुणाचा तरी हरवलेला मोजा निघतो. मी माझ्या मनाचं आवरण उसवून बघितलं तर आत असलाच माल होता. शिवाय आईचा जीव धाकट्यावर जास्त होता ही तक्रार, अगदी कोरी करकरीत. पुढची दोन आवरणं मी उघडलीच नाहीत. न जाणो अजून काय निघायचं.

मास्तर खूप आजारी पडले. शेवटच्या भेटीला आम्ही दोघेच त्यांच्या खाटेशी होतो. त्यांनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाले, "तुम्हा दोघांपैकी एकाला कळलंय." मग पाणी मागितलं. खरा शिष्य कोण हे दाखवायची हीच वेळ, म्हणून पाणी आणायला दोघेही धावलो. परत आलो तोवर त्यांचा डोळा लागला होता, आणि त्या झोपेतून ते उठले नाहीत.

घरी येताना मी म्हणालो, "तुलाच रे कळलंय." तो म्हणाला, "छे, दादा, तूच." हे पहिल्यांदा फार गोड चाललं होतं. काही दिवसांनी त्याने 'तूच' म्हणणं बंद केलं. मग मीही केलं. मी रागावणं सोडलं, म्हणजे आवाज न चढवता रागावू लागलो. त्याने उशी सोडली. मी चहातली साखर सोडली. ज्याला कळलंय तो कुणापुढे हात पसरत नाही, म्हणून दोघांनीही गिऱ्हाइकांकडे पैसे मागणं सोडलं. गिऱ्हाइकांना हे तत्त्वज्ञान लगेच पटलं. बँकेत फार का नाही, ते हे. शेवटी ही गल्ल्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं ऐकलं होतं. तुम्ही तर लोकांनासुद्धा सांगत नाही, एकमेकांनाच दाखवता."

मग एके दिवशी, मास्तरांचं ते वाक्य आमच्याच तोंडून ऐकलेले वर्गातले निवृत्त बँक मॅनेजर दुकानात आले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मास्तर म्हणाले ते तुमच्यापैकी कोण हो?" मी मंद हसलो. बाजूला बघितलं तर धाकटाही अगदी तसाच हसत होता. गिऱ्हाइकं आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे बघून खदखदा हसली. ते गेल्यावर मी म्हणालो, "तू का हसलास?" तो म्हणाला, "तू का हसलास?" पुढचं इथे लिहिण्यासारखं नाही.

सगळं एकच आहे असं मानणाऱ्या आम्हा दोघा भावांनी त्याच आठवड्यात दुकानाच्या मधोमध लाकडी भिंत घातली. माझ्या बाजूने तपकिरी रेक्झिन लावलं, त्याच्या बाजूने त्याने हिरवं. एकमेकांचा आवाज येऊ नये म्हणून आत दुहेरी फोम भरला. एवढं बोलणं बंद असून ती गादी दोघांनी मिळून भरली, आणि काम इतकं चोख की आजवर एक टाका निसटलेला नाही. आवाज मात्र येतोच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्या सुंभाला नुसती धगही लागली नव्हती. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. त्याला झाली असतील वीस वर्षं.

कलम चार. वरील बँक मॅनेजरना माझ्या शोकसभेत बोलू देऊ नये. आत्मा मरत नाही हे ते तासभर सांगतील आणि निघताना हिच्याकडे कोचाची दुरुस्ती फुकट मागतील.

कलम पाच. मास्तरांच्या शेवटच्या वाक्यावर माझा जो काही हक्क, हिस्सा किंवा दावा आहे, तो मी राजीखुशीने सोडत आहे. ज्याला कळलं तो माझा धाकटा भाऊ. मी किंवा माझ्या वतीने दुसरं कुणी त्याला यापुढे आव्हान देणार नाही. डॉक्टरांकडून येताना जिन्यात माझे पाय लटपटले, तेव्हाच निकाल लागला होता. दोघांतला मी नव्हे, म्हणजे उरला तो एकच. हे लिहायला सोपं गेलं असं कुणी समजू नये. आधीचे कागद फाडून टोपलीत टाकले आहेत. हे वाचून तो येईल अशी मला आशा आहे. मात्र मृत्युपत्र वाचतात मेल्यावर, आणि तेव्हा तो आला तर मला त्याचा काय उपयोग, हे कलम लिहून झाल्यावर ध्यानात आलं.

इथून पुढचा मजकूर वाचन झाल्यावर लिहिला आहे.

वकीलबाईंनी सांगितलं होतं की साक्षीदारांसमोर एकदा वाचून दाखवा. वरच्या खोलीत वाचता आलं असतं. मी सगळ्यांना खाली दुकानात नेलं, तपकिरी भिंतीला खेटून बसवलं आणि सभेत वाचावं तसं खणखणीत वाचलं. समोरच्या दवाखान्यातले दातांचे डॉक्टर साक्षीला होते, ते म्हणाले, "आम्हाला ऐकू येतं हो." कलम पाच मी दोनदा वाचलं. पलीकडे खिळे ठोकण्याचा आवाज चालू होता, तो थांबला. भिंतीला दार नाही, त्यामुळे त्याला रस्त्यावरून वळसा घालून यावं लागलं. बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच होतं. म्हातारा झालाय. समोरासमोर बघितल्यावर ते कळतं.

"दादा, कलम पाच खोड," तो म्हणाला.

"का? तुझंच आहे ते."

"माझं नाही. मला काही म्हणजे काही कळलेलं नाही."

"मग मास्तर म्हणाले ते?"

"मी इतकी वर्षं धरून चाललो होतो की तुलाच कळलंय. म्हणून तर डोकं फिरायचं माझं. सकाळी मी भिंतीला कान लावून बसायचो. काय शांतता असायची तुझ्याकडे."

"मी झोपलेला असायचो रे."

"रोज?"

"बहुतेक."

वकीलबाईंनी मान खाली घातली. हसत असाव्यात. मी म्हटलं, "पण तू उशी सोडलीस ती सोडलीसच."

"कुठली? चार दिवसांत मान आखडली. वहिनींनी मागच्या दाराने परत आणून दिली."

मी हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? तुमच्या चहातसुद्धा मी साखर घालतच होते."

तो हसला नाही. म्हणाला, "वहिनींनी डॉक्टरांचं सांगितलं तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. मास्तर म्हणायचे, कुणीतरी दुसरा आहे असं वाटतं म्हणून माणूस भितो. दुसरा नाहीच हे कळलं की भीती संपली. माझं उलटं झालंय, दादा. भिंतीपलीकडे दुसरा नसेल याचीच मला भीती वाटते."

मास्तरांनी शिकवलेली सगळी उत्तरं मला पाठ आहेत. ती राहू दिली. मी बाकावर जरा सरकलो, तो येऊन बसला. त्याने विचारलं, "मग मास्तर खोटं का बोलले असतील?" मी म्हटलं, "दोन थोराड बाप्ये रडवेल्या तोंडाने खाटेशी उभे. मरणारा माणूस काहीतरी बरं बोलून जातो." हे त्याला पटलं. याआधी त्याला माझं काही पटल्याचं मला आठवत नाही.

सबब कलम पाच रद्द. ते मी माझ्या हाताने खोडलं आहे आणि खोडलेल्या जागी दोघांच्या सह्या आहेत.

भिंत उद्या सकाळी काढायची आहे. ते इथे लिहू का, असं विचारल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "काका, इथे मेल्यानंतरचं लिहायचं. जिवंतपणीचं करून टाकायचं." म्हणून लिहीत नाही. भिंतीच्या फोमचं काय करायचं यावर मघापासून आमचा वाद चालू आहे आणि त्याचं म्हणणं साफ चुकीचं आहे.

शेवटचं एक. जिन्यात पाय लटपटले ते हृदयामुळे, असं मी हिला सांगितलं होतं. ते हृदयामुळे नव्हतं. मला मरायची भीती वाटते. हे शरीर म्हणजे मी नव्हे, हे मी हजारदा म्हटलं आहे, आणि मास्तर सांगायचे म्हणजे ते खरंच असणार. पण या शरीराला खेटून आत्ता माझा धाकटा भाऊ बसला आहे, आणि मला इथून उठायचं नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मोठ्याने वाचला, तो माझाच आहे.

सही : (केली आहे. वाकडी आली, तरी माझीच.)

साक्षीदार पहिले : समोरचे दातांचे डॉक्टर. सही केली, आणि दोघा भावांनी एकदा दात दाखवून जावं असं सांगितलं.

साक्षीदार दुसऱ्या : शेजारच्या छापखान्याच्या मालकीणबाई. सही केली. डोळे पुसत होत्या, कारण विचारलं नाही.

धाकट्यालाही सही करायची होती. हत्यारं त्याला मिळणार असल्यामुळे साक्षीदार म्हणून त्याची सही चालत नाही असं वकीलबाईंनी सांगितलं. तो म्हणाला, "मग हत्यारं नकोत." मी त्याला गप्प बसवलं.

ठिकाण : दुकान, दोघांचं.

तारीख : वकीलबाईंनी घालावी. मला घालवत नाही.